एक मीटर पुढे आलेलं दुकान

मोजणीच्या फितीचा पहिला मीटर तुटलेला होता. अशी फीत कुणी फेकून देत नाही. ‘एक’च्या आकड्यापासून मोजायला सुरुवात करायची आणि आलेल्या मापातून शेवटी एक वजा करायचा, ही त्या धंद्यातली रीतच आहे. भाच्याने रस्त्याच्या कडेला ‘एक’ बरोबर धरला, तीनच्या आकड्याशी खुंटी ठोकली, “तीन!” म्हणून जोरात ओरडला आणि वजा करायचं विसरला. हा भाचा म्हणजे मीच. पण गोष्ट माझी नाही, मामांची आहे, तेव्हा यापुढे त्याला भाचाच म्हणू. शिव्याही त्यालाच पडू देत.

मामा घड्याळजी. उमेदीची एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या जिन्याखाली, दिवा लावून मनगटी घड्याळं दुरुस्त केली. भिंग लावून लावून उजव्या डोळ्याभोवती कायमचं वर्तुळ पडलं होतं. मामी म्हणायची, “ह्यांच्या तोंडावर तबकडी तयार आहे, काटे तेवढे बसवायचे राहिलेत.” साठीला टेकल्यावर त्यांनी बाजाररस्त्यावर स्वतःचं दुकान बांधलं, ते एकाच हौसेपायी : पुढे अख्खी काच, काचेला चिकटून टेबल आणि टेबलावर दिवसाचा उजेड. केसासारखी बारीक स्प्रिंग त्यांना आता दिव्याखाली दिसत नव्हती.

व्यापारी भागात रस्त्याच्या कडेपासून तीन मीटर जागा मोकळी सोडायची आणि मगच भिंत उठवायची, असा नियम आहे. भाच्याच्या मेहेरबानीने सुटली दोनच. दुकान उभं राहून वर्ष झालं, तेव्हा नगर कार्यालयाचे साहेब नवी कोरी फीत घेऊन आले आणि काचेवर नोटीस डकवून गेले : पुढचा एक मीटर पाडा.

पुढचा एक मीटर म्हणजे काच, टेबल आणि उजेड. मागे उरणार होती शेजाऱ्यांच्या भिंतींत अडकलेली कोठडी.

“मामा, चूक माझीच आहे,” भाचा मान खाली घालून म्हणाला.

“अरे, पण तू तर मोजायचंच शिकला होतास ना?”

“हो. तीन वर्षं.”

“नीट मोज. दोनच असतील.”

दोघं कार्यालयात गेले. साहेब माणूस वाईट नव्हता, पण नियमांचं पुस्तक इतकं अंगी भिनलं होतं की खुर्चीत बसतानाही पाठीपासून चार बोटं अंतर सोडून बसायचा.

“पाडायचं नसेल तर दुकान मागे सरकवा,” साहेब म्हणाले.

“मागे शिंप्याची भिंत आहे.”

“मग रस्ता पुढे सरकवून घ्या. त्याचा अर्ज मात्र पलीकडच्या खिडकीत.”

भाचा तोवर पुस्तक चाळत होता. मोकळ्या जागेत काय काय चालतं, याची यादी एका पानावर होती : झाड, पायरी, बाक, पाण्याचा नळ, आणि ‘सार्वजनिक घड्याळ, आवश्यक त्या यंत्रासह’.

मामांनी ते बोट ठेवून वाचलं. “साहेब, घड्याळ चालतं?”

“चालतं की.”

“केवढं?”

साहेबांनी पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं. “माप दिलेलं नाही.”

आठ दिवसांत काचेवर बारा आकडे रंगवले गेले. मधोमध भोक पाडून हातभर लांबीचे दोन काटे बसवले. एवढे काटे ओढणारं यंत्र काही मामांकडे नव्हतं, म्हणून आतून एक दांडा जोडला आणि तो दर मिनिटाला हाताने फिरवायचा ठरवला. साहेब तपासणीला आले, आत डोकावले.

“यंत्र कुठाय?”

“हे काय, समोर बसलोय.”

साहेबांनी वही उघडली. “कशावर चालतं?”

“चहावर.”

त्यांनी लिहून घेतलं : ‘यंत्र एक, मानवी, चालू स्थितीत.’ खाली अट घातली : वेळ चुकता कामा नये. चुकली, तर हे घड्याळ न समजता बांधकाम समजलं जाईल.

उजेड वाचला, पण हात अडकला. चिमट्यात चाक धरावं तोवर मिनिट भरायचं. शेवटी मामीने स्टूल ओढलं आणि दांडा ताब्यात घेतला. “लग्न ठरवताना म्हणाला होतात, तुला काही काम पडणार नाही. आता मिनिटामिनिटाला पडतंय.” मागचा शिंपी तक्रार करायचा, वहिनींना शिंका आल्या की माझं दुकान उशिरा उघडतं.

गेल्या महिन्यात मात्र घोटाळा झाला. सकाळचं ऊन नेमकं टेबलावर आलं होतं. मामांनी एक स्प्रिंग चिमट्यात धरली, आणि चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मामी म्हणाली, “बघू तरी, काय एवढं असतं त्यात.” मामांनी भिंग तिच्या डोळ्याला लावलं. स्प्रिंग श्वास घेतल्यासारखी उघडमीट करत होती. “अगंबाई,” ती म्हणाली, “जिवंत आहे की हो!” मग दुसरं घड्याळ उघडलं, मग तिसरं. दांडा कुणाच्या हातात नव्हता. मान वर केली तेव्हा काचेबाहेर साहेब उभे होते आणि स्वतःच्या मनगटाकडे बघत होते.

मामांनी झटकन दांडा फिरवून मागे पडलेले काटे बरोबर वेळेवर आणले. “साहेब, पाडणार का हो?”

“बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करता येतं, असं पुस्तकात आहे,” साहेब म्हणाले. “पण सतरा मिनिटं तुम्ही जनतेचं देणं लागता. ती भरून द्यावी लागतील.”

“कशी?”

हे पुस्तकात नव्हतं. मामांनी रीतसर पत्र लिहिलं : सतरा मिनिटं एकदम द्यावीत, तर घड्याळ पुढे जाऊन वेळ चुकते, रोज एकेक द्यावं, तर रोज चुकते, तरी मार्गदर्शन व्हावं. साहेबांनी ते वरच्या कार्यालयात पाठवलं, वरच्यांनी त्याच्याही वर. उत्तर अजून आलेलं नाही. ऊन पडतं, मामी दांडा फिरवते, मामा काम करतात. सतरा मिनिटं तेवढी द्यायची राहिली आहेत.