कारण कळल्यानंतर

प्रेमिलानं रुपरावला पहिल्यांदा पाहिलं ते उभं असलेलं. तो तिला पाहायला आला होता आणि तिचे मामा परत परत ‘बसा’ म्हणत होते तरी बसेना. त्याचे वडील चंपतराव पाय धुऊन आत आले, सतरंजीवर टेकले, तेव्हा कुठे तोही एका कडेला खाली बसला. मोकळी खुर्ची तशीच राहिली. प्रेमिलाला ते आवडलं. बापाचा मान राखणारा माणूस बायकोलाही नीट वागवेल, असं तिच्या मनानं घेतलं, आणि ते खरंही ठरलं.

रुपराव खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर मदतनीस होता. चंपतराव त्याच बॉयलरखाली राख ओढायचे. रुपरावची समज चांगली. साहेब म्हणत, बॉयलर अटेंडंटची परीक्षा दे, पास झालास तर पाळी तुझ्या हाती. म्हणजे पाळीतली माणसं त्याच्या हुकमात, आणि त्या माणसांत चंपतराव. हे कोणी बोललं नाही. उलट चंपतरावच सगळ्या कॉलनीत सांगत फिरायचे, माझा पोरगा आता अटेंडंट होते.

परीक्षा नागपूरला, तोंडी. पहिल्या वर्षी रुपरावचं पोट बिघडलं. दुसऱ्या वर्षी तो दारापर्यंत गेला, आतल्या साहेबांनी समोरची खुर्ची दाखवली, आणि हा पाणी पिऊन येतो म्हणून निघाला तो सरळ बसस्टँडवर. पुढे तर परीक्षेचं नाव काढलं की हाताला कापरं भरायचं. केंद्राच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना हातात काही दोष सापडेना. त्यांनी नागपुरात रामदासपेठेतल्या मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

“लोकाईले कामावरून काढाची भीती वाट्टे,” शेजारच्या यमुताई म्हणाल्या, “अन् तुह्या नवऱ्याले साहेब व्हायाची.”

रुपराव वर्षभर रामदासपेठेत जात राहिला. डॉक्टर फारसं बोलत नसत, त्यालाच बोलू देत. हळूहळू लहानपणचं निघत गेलं. एके दिवशी घरी येऊन त्यानं प्रेमिलाला सगळं स्वच्छ सांगितलं, दुसऱ्याच कोणाची हकिकत सांगावी तसं. बापाच्या वर बसायचं म्हणजे बापाला ढकलून द्यायचं, असं त्याच्या मनानं फार लहानपणी धरलं होतं, आणि हात कापायचा तो त्यापायी. प्रेमिलाला हायसं वाटलं. गाठ दिसली, आता सुटेल.

हे चंपतरावांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, “मी कवा नाही म्हटलं गा बाबू? मी तं म्हणतो, बस.” आणि नोकरीची मुदत बाकी असताना त्यांनी काम सोडलं.

त्या वर्षी प्रेमिला त्याच्याबरोबर नागपूरला गेली. बाहेरच्या बाकावर बसली. रुपराव आत गेला, दार लागलं. थोड्याच वेळात तो बाहेर आला. चेहरा शांत होता, हात खिशात.

“काही विचारलं का?”

“विचारलं. येत होतं मले. बोललोच नाही.”

“काहून? आता तं तुम्हाले सगळं समजलं ना?”

“समजलं ना वं. काहून होते ते बी समजलं. होताना बी दिसते मले. तरी होते.”

रामदासपेठेत त्याला दवाखान्याबाहेर झाडाखाली बसवून ती एकटीच डॉक्टरांकडे गेली. एवढंच विचारलं, हे असं ते मुद्दाम करतात की त्यांच्याकडून होतं? डॉक्टर भले माणूस. म्हणाले, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. कारण मी दाखवलं, पाऊल त्यांनीच टाकायचं. पाऊल टाकायचं बळही त्याच कारणानं खाल्लं असेल तर, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण बाहेर पुढचा रोगी खोळंबला होता. ती उठली.

त्यानंतर घर अवघड झालं. पूर्वी तिला नवऱ्याची कीव करता यायची, नाहीतर चिडता यायचं. आता चिडावं तर तो बांधलेला, कीव करावी तर त्याला सगळं ठाऊक. रुपरावही आधी निदान नशिबाला बोल लावायचा. तेवढा आडोसाही गेला. पुढे चंपतराव वारले. आता तरी, असं कॉलनीत जो तो म्हणाला. रुपरावनं अर्जच भरला नाही, आणि प्रेमिलानंही विचारलं नाही.

रुपराव अजून त्याच बॉयलरवर मदतनीस आहे. त्याच्या मागून लागलेला बळीराम त्याच्या पाळीचा अटेंडंट आहे.