माझं भांडं शेवटी

सकाळी आमच्या चौकात तो म्हैस घेऊन यायचा आणि गिऱ्हाइकाच्या भांड्यातच धार काढून द्यायचा. मान खाली, भांडं गुडघ्यांत धरलेलं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यानं मात्र पहिल्याच दिवशी माझं घर विचारलं. बौद्धवाड्यात, म्हटलं. लेक नुकतीच तापातून उठलीय, तिच्यासाठी दूध हवंय, तेही सांगितलं. तेव्हापासून माझं भांडं तो सगळ्यांच्या शेवटी घ्यायचा. जात कळली म्हणूनच, असं मी धरून चालले. रोज मनातल्या मनात त्याच्याशी भांडायचे आणि दमून घरी यायचे.

चार महिन्यांनी एकदा न राहवून विचारलं, "मला कायम मागं का ठेवता?"

त्याचे हात थांबले. "ताई, शेवटची धार दाट असती की. लेक अशक्त हाय म्हणलासा, म्हणून राखतोय. तुमास्नी काय वाटलं?"

मला काय वाटलं ते सांगायची लाज वाटली. "घरी उशीर होतोय," एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून तो माझं भांडं सगळ्यांच्या आधी घ्यायला लागला. राहू द्या, मी थांबते, एवढं काही माझ्या तोंडून निघेना. पातळ दूध घेऊन मी लवकर घरी यायचे.