दुपार दायांची

जिल्ह्यातल्या दायांचं पहिलं संमेलन नागभीडला भरवायचं ठरलं, ते १९५७ साली. कार्यक्रमाची तयारी सावली गावच्या सरकारी नर्स गुणाबाईंकडे आली. खरं तर जिल्ह्याच्या डॉक्टरसाहेबांनी चांद्याहून कार्यक्रम लिहूनच पाठवला होता. सकाळी उद्घाटन आणि तीन व्याख्यानं, जेवणानंतर आणखी दोन, शेवटी शंका आणि आभार. गुणाबाईंनी फक्त निमंत्रणं धाडायची होती.

तो कागद वाचताना गुणाबाईंना आपली सावलीतली पहिली अडलेली बाळंतीण आठवली.

आठ वर्षांपूर्वी त्या नागपूरहून शिकून आल्या तेव्हा बाविशीच्या होत्या. सगळं वहीत लिहिलेलं, वर तोंडपाठ. पहिल्याच महिन्यात एका घरी बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा अडला. पाठ केलेलं काही म्हणता काही आठवेना. सरकारी बाई आली म्हणून घरच्यांनी गावच्या म्हाताऱ्या दाईला, सोमारीला, ओसरीवर बसवून ठेवलं होतं. आतला आवाज ऐकून ती न विचारता आत आली. तिनं बाळंतिणीला वळवून हातागुडघ्यांवर टेकवलं आणि गुणाबाईंच्या हातावर आपला हात ठेवला.

"वढू नको बाई. थांब जराशी. येते ते."

खांदा सुटला. पोर रडली. घरच्यांनी नर्सबाईंचे पाय धरले. सोमारी हात धुऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी गुणाबाई तिच्या झोपडीवर गेल्या आणि म्हणाल्या, "यापुढं माझ्यासंगं चला." तेव्हापासून दोघी जोडीनं हिंडल्या. सोमारीनं त्यांना हाताचं कसब शिकवलं, त्यांनी सोमारीला नाळेसाठी ब्लेड आणि दोरा उकळून घ्यायला शिकवलं.

कार्यक्रमाचा तो कागद घेऊन गुणाबाई मोटार धरून चांद्याला गेल्या.

"व्याख्यानं नकोत? मग संमेलन कशाचं, सिस्टर?" डॉक्टरांनी विचारलं.

"साहेब, साठ जणी येणार. लिहिता-वाचता येणाऱ्या चार. निम्म्या गोंडी बोलणाऱ्या. त्यांना आठ-आठ जणींचे गोल करून बसवू. मधे कापडाची बाहुली देऊ. जी जसं करते तसं ती करून दाखवील."

"आणि चुकीचं दाखवलं तर?"

"तर आपल्याला कळेल तरी."

डॉक्टरांनी पेन्सिलीनं कागदावर मधोमध रेघ मारली. "सकाळ माझी. दुपार तुमची."

सकाळी शाळेच्या पटांगणात व्याख्यानं झाली. बाया डोक्यावर पदर घेऊन ओळीत बसल्या होत्या. समजलं का, असं डॉक्टरांनी विचारलं की सगळ्या एका सुरात "हो जी" म्हणत. शंका एकीलाही नव्हती.

दुपारी गोल बसले. गुणाबाईंच्या गोलात सोमारी होती आणि गडचिरोलीपलीकडच्या जंगलातून आलेली सुकरी होती. आधी कोणी बाहुलीला हात लावेना. मग सोमारीनं ती मांडीवर घेतली आणि अडलेला खांदा कसा सोडवायचा ते दाखवलं. हळूहळू बाहुली हातोहात फिरू लागली. सुकरीकडं आली तेव्हा तिनं नाळ तोडायची खूण केली, चुलीकडून चिमूटभर काही घेऊन बेंबीवर दाबल्यासारखं केलं आणि गोंडीत खालच्या आवाजात काही बोलली.

सोमारीला गोंडी येत होतं; तिनं मराठीत सांगितलं, "म्हणते, इळ्यानं तोडतो, राख लावतो. मंग आठव्या रोजी लेकरू आखडते, दूध पीत नाई. यंदा तीन गेले. गावचे लोक म्हणतात, हिची नजर वाईट."

सुकरीची मान खाली होती. मागं येऊन उभे राहिलेले डॉक्टर काही बोलायला निघाले, तसा गुणाबाईंनी हलकेच हात वर केला. सोमारी सुकरीजवळ सरकली.

"मी बी इळ्यानंच तोडत होतो," ती म्हणाली. "माह्याही हातचे गेले. नजर नाई ते. इळ्याची घाण होय. मले या बाईनं सांगतलं, तवा समजलं." आणि हेच तिनं पुन्हा गोंडीत सांगितलं. सुकरी रडली. मग डोळे पुसून तिनं ब्लेड आणि दोरा मागून घेतला, आणि गाठ जमेपर्यंत बाहुली सोडली नाही.

डॉक्टर खाली चटईवर बसले. दुसऱ्या गोलांतही विळा आणि राख निघाली होती. अंधार पडेपर्यंत ते एकेका गोलात बसून ऐकत राहिले.

आभार गुणाबाईंनी मानायचे होते. त्या उभ्या राहिल्या, सोमारीकडं पाहून म्हणाल्या, "मी वहीतून शिकले, पण दाई झाले ती यांच्या हातानं. हे मी आठ वर्षं बोलले नव्हते." आभार तिथंच सोडून त्या खाली बसल्या.

सोमारी शेजारणीला म्हणाली, "बाई थकली वाटते. पानी द्या तिले."

पुढच्या उन्हाळ्यात सुकरीचा निरोप आला, ब्लेड संपले, आणखी पाठवा. तिच्या हातची नऊ बाळंतपणं झाली होती आणि नऊही लेकरं धडधाकट, दूध पीत होती. त्याच आठवड्यात डॉक्टरांचं पत्र आलं. यंदाच्या संमेलनाचा कार्यक्रम कसा ठेवायचा ते तुम्ही दोघींनीच ठरवून कळवा, असं त्यात होतं. गुणाबाईंनी ते पत्र पदराला बांधलं आणि सोमारीला वाचून दाखवायला निघाल्या.