छत्रीला ऊन

आभाळातून उड्या मारणाऱ्या बाईला जमिनीवर बसवायचं असेल तर काय करावं लागतं? तिच्या मायचा खुबा मोडावा लागतो. मला तरी असंच बसवलं.

फुलंब्रीजवळच्या आमच्या मळ्यात माय न्हाणीत घसरली. ऑपरेशन झालं आणि मी तिला हर्सूलला माझ्या घरी घेऊन आले. घरात आम्ही दोघीच. धावपट्टीवरच्या दोस्तांना मी फोनवर सांगितलं, दोनतीन महिन्यांत येते. पण महिन्यांवर महिने गेले. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी सांगून थकली, की हाड जुळलंय, आजी, आता जिना चढायला हवा. माय ढिम्म हलेना. काठी टेकत पलंगापासून न्हाणीपर्यंत, आणि परत पलंग. "झालं आता माझं," एवढंच म्हणायची. ती हिंडती-फिरती झाल्याशिवाय मला ऑफिस सोडून कुठं पाऊल टाकता येत नव्हतं. आपण परत कधीच उडी मारणार नाही, ही भीती माझ्या मनात घर करून बसली. पण अंथरुणातल्या मायपुढं ती बोलायची तरी कोणत्या तोंडानं?

मग मी निदान पॅराशूट तरी नीट ठेवायचं ठरवलं. सूटकेस असती तर माळ्यावर फेकली असती, पण आमच्या गावचा उन्हाळा आणि माळ्यावरची भट्टी, छे! मागच्या अंधाऱ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात जागा केली. राखीव पॅराशूट पिशवीत सीलबंद असतं, त्याला हात लावायचा नसतो. नेहमीच्या उडीचं मोठं मात्र सोडवून मायच्या जुन्या सुती लुगड्यात सैलसर बांधलं. या कापडाला ओल चालत नाही, उंदीर चालत नाही, आणि ऊन तर अजिबात नाही. उन्हात पडून राहिलं तर दिसायला जसंच्या तसं दिसतं, पण आतून विरत जातं.

माय त्याला छत्री म्हणायची. "ती मेली छत्री." पहिल्याच आठवड्यात त्या गाठोड्यात मला डांबराच्या गोळ्या सापडल्या. कापडाला असलं काही लागू द्यायचं नसतं म्हणून मी घर डोक्यावर घेतलं. मी तापट आहे, त्याला इलाज नाही. संध्याकाळी मायनं शेजारणीकडून कडुलिंबाचा वाळका पाला मागवला आणि मला विचारलं, "ह्ये तरी चालतंय का तुझ्या छत्रीला?" कप्प्याच्या कोपऱ्यात ठेव, कापडात नको, असं मी सांगितलं.

मला वाटायचं, छत्री कपाटात गेली म्हणून माय मनातून खूष असणार. का नसावं? उडीच्या दिवशी मी खाली उतरल्याचा फोन येईस्तोवर ती अन्नाला शिवायची नाही. एकदा वारा होता म्हणून विमान दुपारपर्यंत उडालंच नाही आणि तिकडं मळ्यात माय उपाशी, चुलीपुढं बसून. मी रागावले तर म्हणाली, "तू वर असल्यावर माझ्या नरड्याखाली उतरतंय व्हय?"

यंदा वैशाखात एक दिवस ऑफिसातली लाईट गेली आणि मी दुपारीच घरी आले. पलंग रिकामा. न्हाणी रिकामी. मागच्या खोलीत कपाट सताड उघडं, खालच्या कप्प्यातलं गाठोडं गायब. वैशाखात आमच्याकडं घरातल्या सगळ्या वस्तूंना ऊन दाखवतात. गहू, डाळी, मिरच्या, गोधड्या, काहीच सुटत नाही. मी गच्चीकडं धावले.

गच्चीभर माझं नारिंगी-निळं पॅराशूट पसरलेलं. चारी कोपऱ्यांवर विटा. पाण्याच्या टाकीच्या सावलीला माय बसलेली, काठी उगारून कावळे हाकलत.

"अगं, काय केलंस हे! ऊन लागलं की मरतं हे कापड!" मी किंचाळलेच.

"ऊन लागून मरतं?" माय माझ्याकडं बघतच राहिली. "मंग वर आभाळात काय सावली असती व्हय?"

मी विटा भिरकावल्या, कापड गोळा केलं, टाकीच्या सावलीत ओढलं आणि पॅराशूट तपासून देणाऱ्याला फोन लावला. तो हसला. एका दुपारनं काही होत नाही म्हणाला, पण उडी मारण्याआधी माझ्याकडं घेऊन ये, तपासून देतो.

फोन ठेवला तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

"माय, तू वर कशी आलीस?"

"कशी म्हंजी? बसत बसत. एक एक पायरी."

"आणि हे गाठोडं?"

"पाठीला बांधलं. तू बांधतीस तसं." ती पदरानं तोंड पुसायला लागली. "लई दिस झाले कोंडून पडलंय. कुबट वास मारायला लागलं, कसर लागली, तर तू जायची न्हाईस. जल्मभर म्हणशील, मायपायी राहिलं."

मी कापड तसंच बोचक्यासारखं कोंबायला लागले, तर ती खेकसली, "अशी कोंबतीस काहून? नीट घडी घाल की!"

एव्हाना शेजारच्या इमारतीची सावली निम्म्या गच्चीवर आली होती. गोधडीची घडी आमच्याकडं दोघींनी घालायची असते. दोन टोकं एकीनं धरायची, दोन दुसरीनं, आणि मग एकीनं दुसरीकडं चालत जायचं. मी पुढं जायला पाय उचलला.

"थांब तिथंच," माय म्हणाली.

दोन्ही हातांत टोकं असल्यावर काठी धरायची कशात? काठी टाकीला टेकलेलीच राहिली. माय निघाली. थोडी लंगडत, हात वर धरून, कापड जमिनीला लागू न देता. गच्ची ओलांडून ती माझ्यापाशी आली आणि टोकं माझ्या हातात दिली. मी रडत होते, तिनं तिकडं लक्षच दिलं नाही.

"कधी जातीस?" तिनं विचारलं.

"उपाशी राहावं लागेल तुला."

"राहीन की," ती म्हणाली. "तू घडी धर नीट."