तात्यांचा बदल लंगडीवर चालला होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सासूबाईंना नाही — आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ रेटत नाही.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जगभरचे लोक मिळून एक ऑपरेटिंग सिस्टीम बनवतात — संगणक सुरू केला की जी आधी जागी होते आणि बाकीचं सगळं चालवते, ती. कुणाच्या मालकीची नाही. कुणीही उघडावी, सुधारावी. आता कुणीही हात घालणार म्हटल्यावर बिघडवणारेही आलेच, म्हणून प्रत्येक बदल आत घेण्याआधी खऱ्या मशीनवर चालवून बघावा लागतो. ते चालवून बघणारं अवजार मी सांभाळते. बारामतीत आमच्या मागच्या खोलीत जुन्या लॅपटॉपांची रांग आहे. बदल आला की तो सगळ्यांवर चालतो, आणि पास की नापास ते मी कळवते. पोटापाण्याची नोकरी वेगळी. हे हौसेचं. सासूबाई त्या खोलीला गोठा म्हणतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही — तिथं ऊब असते आणि सतत काहीतरी घुरघुरत असतं.

अवजार मुळात तात्यांचं. तात्या म्हणजे वालचंदनगरच्या क्वार्टरमधले आमचे शेजारी. कारखान्यात मशीनवर आयुष्य गेलं आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा मशीनच. मूळचे कऱ्हाटीचे, आजोबांपर्यंत घरात मेंढरं. कॉलेजात असताना मी त्यांच्याकडे जाऊन बसायची. माझ्या वडिलांना वाटायचं मी अभ्यास करते. मी करत होते ते अभ्यासापेक्षा बरं होतं. तात्या कधी रागावले नाहीत. चुकलं की म्हणायचे, "आधी मशीनवर संशय घे, मग कोडवर, आन् सगळ्यात शेवटी स्वतःवर." इतक्या मायेनं मला दुसऱ्या कुणीही काही शिकवलेलं नाही.

त्यांच्याकडे एक फार जुना लॅपटॉप होता, एका बाजूची बिजागरी तुटलेला. त्याचं नाव लंगडी. नियम एकच — लंगडीवर चाललं तरच आत घ्यायचं. नव्या मशीनवर काय, काहीही चालतं. गरिबाघरचं मशीन असंच असणार, ते म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर तात्या मुलाकडे इंदापूरला राहायला गेले. फ्लॅटमध्ये एवढी मशीनं कुठं ठेवणार? ती माझ्याकडे आली, लंगडीसकट, आणि अवजाराची जबाबदारीही. आमच्या या कामात एक रीत आहे — सोपवलं की सोपवलं. जुन्या सांभाळणाऱ्यानं मग नवख्यासारखा आपला बदल पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. पुष्कळ जण ती पाळत नाहीत. तात्यांनी ती काटेकोर पाळली. स्वतःच उभारलेल्या घराच्या दारात उभं राहून ते मला विचारायचे, येऊ का आत?

आणि मी काय केलं?

एक जुनं दुखणं होतं. एखादं मशीन चाचणी चालू असताना गप्प झालं, तर ते अडकलंय की नुसतं हळू चाललंय, हे अवजाराला कळत नसे. लंगडीला तर उगाचच नापास व्हावं लागे. मी त्यावर मोठं काम काढलं होतं. किती मोठं, ते सगळ्यांना आधीच सांगूनही बसले होते. अर्धा पसारा मला स्वतःलाच आवरत नव्हता. आणि तेव्हाच तात्यांचा बदल आला. एवढासा. घड्याळाकडे न बघता मशीनला मधूनमधून हाक मारायची, ओ दिली तर वाट बघायची, नाही दिली तर अडकलं समजायचं. बस्स. सोबत लिहिलं होतं, "जमलं तर बघ. तुझ्या कामात उपयोग झाला तर बरं."

मी तो सगळ्या मशीनवर चालवला. सगळीकडे पास. लंगडीवरही पास, एकदम स्वच्छ.

मी त्यांना कळवलं — तात्या, लंगडीवर अडकतंय.

वाटलं, म्हातारा माणूस, सोडून देतील. तुम्हाला वाटेल हाच तो कबुलीजबाब. मलाही बरीच वर्षं असंच वाटावंसं वाटत होतं — एक खोटं वाक्य, झालं. पण नाही. तात्यांनी सोडून दिलं नाही. ते चूक शोधायला लागले. नसलेली चूक. नव्यानं लिहून पाठवायचे, मी पुन्हा तेच कळवायची. फोनवर आवाज हळूहळू बदलत गेला. पूर्वी ते वाद घालायचे, आता माफी मागायला लागले. "तुझा येळ घेतो बग मी." तरी मी बोलले नाही. आता खरं सांगायचं तर आधीची सगळी खोटीही सांगावी लागली असती, आणि ती तर दर आठवड्याला वाढत होती.

मग एका सकाळी त्यांचा फोन आला. एसटीनं बारामतीला येतो, स्वतःच्या डोळ्यांनी बघतो.

आता सांगते.

लंगडीची एक मेमरीची पट्टी पूर्वी बिघडली होती. ती लावली की मशीन सुरू व्हायचं, थोडं चालायचं आणि ताण आला की मान टाकायचं. मी ती बदलली होती, पण जुनी ड्रॉवरमध्ये तशीच पडली होती. तात्या येण्याआधी मी ड्रॉवर उघडला. लंगडीचं झाकण काढलं. चांगली पट्टी काढली, बिघडलेली बसवली. स्क्रू नीट पिळले. मग चहाचं आधण ठेवलं.

तात्या आले. पिशवीत पेरू होते, सासूबाईंसाठी. लंगडीच्या पाठीवरून हात फिरवला, "हाय गं अजून," म्हणाले. मी त्यांचा बदल चालवला. लंगडी अडकली. पुन्हा चालवला, पुन्हा अडकली. ते स्क्रीनकडे बघत राहिले. मग मान वळवून मला विचारलं,

"पोरी, मेमरी तपासलीस का?"

"हो तात्या. तपासली."

झाकण उघड, एवढं ते म्हणाले असते तर मी तिथंच पकडली गेले असते. ते म्हणाले नाहीत. मी तपासलीय म्हटल्यावर त्यांच्या लेखी ती तपासलेली होती. आधी मशीनवर संशय घ्यायचा त्यांचा नियम त्यांनी माझ्या शब्दासाठी मोडला आणि थेट शेवटच्या जागी येऊन थांबले. "व्हय. मग माझंच कुटंतरी चुकतंय," म्हणाले. "डोकं न्हाय चालत आता पयल्यासारखं." जेवून जा म्हटलं तर थांबले नाहीत. मी स्टँडवर सोडायला गेले तेव्हा त्यांनीच माझी समजूत घातली, वाईट वाटून घेऊ नकोस म्हणून.

त्यानंतर त्यांनी कोड लिहिलं नाही. डोकं शाबूत होतं त्यांचं. ते नादुरुस्त झालंय हे मी त्यांना पटवलं, पुराव्यासकट, आणि आयुष्यभर पुराव्यावर विश्वास ठेवलेला माणूस तो पुरावा घेऊन घरी गेला.

माझं मोठं काम पुढे कोसळलं, कोसळणारच होतं. ते काढून मी तात्यांचाच बदल आत घेतला, त्यांच्या नावानं, पहिल्यांदा पाठवला होता तसाच, एक अक्षर न बदलता. तो आज कुठं कुठं चालतोय. तात्यांना माहीत नाही. ते आता तिकडं बघतच नाहीत, आणि सांगायचं तर तेव्हा का घेतला नाहीस हेही सांगावं लागेल.

मी अधूनमधून इंदापूरला जाते. त्यांची सून सांगते, गॅस बंद केला का ते पुन्हा पुन्हा बघतात. बँकेची कामं मुलावर सोपवली. फोन लावायचा असला तरी तिच्याकडे देतात, माझ्याकडनं नंबर चुकंल म्हणतात. मी तिच्याकडे न बघता ऐकते.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा घरात त्यांच्या सुनेची बहीण आली होती. तात्यांनी तिला माझी ओळख करून दिली. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ही माझ्याहून हुशार हाय. माजी चूक हिनंच पकडली हुती." ती बाई कौतुकानं माझ्याकडे बघायला लागली.

मी हसले. आणि पुढे केलेला चहा घेतला.