मधला तुकडा

शुक्रवारी मला घरात कोणी अडवू शकत नसे. वलगावहून सकाळची बस चुकली तर मी कोणाच्याही मोटरसायकलला हात करायचो, तेही जमलं नाही तर चालत सुटायचो. माझ्या पायाला भिंगरी लागलीये हे आईचं ठरलेलं मत होतं, आणि ती चुकीची नव्हती. अमरावतीत बसस्टँडमागे एक सायबर कॅफे होता. तिथला कोपऱ्यातलाच कॉम्प्युटर मला लागायचा, कारण बाकीचे हेडफोन एका कानाने गेलेले होते. दर शुक्रवारी युरोपातल्या कंपन्या हाऊस आणि टेक-हाऊसच्या नव्या रेकॉर्ड बाजारात आणायच्या. त्या विकणाऱ्या वेबसाइटवर प्रत्येक गाण्याचा नमुना फुकट ऐकता यायचा, गाण्याच्या मधला दोनेक मिनिटांचा तुकडा. अख्खं गाणं घ्यायचं तर परदेशात चालणारं कार्ड पाहिजे, आणि तसलं कार्ड आमच्या पंचक्रोशीत कोणाकडे असल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं.

हाऊस म्हणजे क्लबात नाचायला वाजतं ते, टेक-हाऊस त्याचाच भाऊ. एकसारखा पडणारा ठोका, त्यावर खर्जातल्या सुरांची एखादी ओळ, क्वचित कोणा बाईचा तुटक आवाज. क्लब मी पाहिलेला नव्हता. पण तो ठोका कानात शिरला की खुर्चीत बसवत नसे. बाहेर सगळं अडून बसलं होतं. पाऊस अडला होता, कापसाचा भाव अडला होता, नोकरीच्या जाहिराती अडल्या होत्या. हे एक काहीतरी न थांबता चालू होतं, म्हणून मी त्याच्या मागे लागलो होतो. कोणी विचारलं असतं तर मला हे सांगता आलं नसतं, उलट मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

माझा दोस्त अकोल्याचा. त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या पिंजाऱ्याचं काम, बाजारात गाद्या-रजयांचं लहानसं दुकान. कापूस पिंजायला मशीन आलं तेव्हापासून आजोबांचं पिंजण, म्हणजे आतड्याची ताणलेली दोरी, तात, लावलेली ती मोठी कमान, दुकानात वरच्या खुंटीला टांगून होतं. गाद्या भरून झाल्या की तो डीजेचं काम करायचा. एका लग्नात मी पाहुणा आणि तो डीजे, तिथे त्याने हिंदी गाण्याखाली हाऊसचा ठोका घातलेला ऐकला आणि जेवण सोडून त्याच्यापाशी जाऊन उभा राहिलो. त्याच्याकडे डबे, म्हणजे मोठे स्पीकर, आणि मिक्सर, माझ्याकडे कॉम्प्युटर आणि बाजारातल्या सीडीवरून टाकलेलं सॉफ्टवेअर. आमचं जमलं.

ती वर्षं मात्र लग्नांची नव्हती. मोर्शीकडे संत्र्याच्या बागा वाळत होत्या, इकडे कापसाचं काही खरं नव्हतं, आणि लग्न आटोपशीर करायचं ठरलं की सगळ्यात आधी डीजे कापला जायचा. जे काम मिळायचं त्यातही वरात गावात शिरण्याआधी कोणीतरी पुढे जाऊन विचारून यायचं, कोणाकडे दुखवटा आहे का. असला की त्या गल्लीपुरता आवाज बंद. गल्ली ओलांडली की गाणं जिथे तोडलं तिथूनच पुन्हा सुरू करायचं, ही आमच्याकडची रीत. तिवशाजवळच्या एका गावात आम्हाला एका वरातीत इतक्यांदा बंद करावं लागलं की शेवटी नवरदेव घोड्यावरून उतरून पायी चालायला लागला. कोणी कोणाला काही विचारलं नाही. त्यात लोडशेडिंग होतंच. गाणं सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग वाजलं असं त्या वर्षांत क्वचितच झालं असेल.

तशातच आम्ही आमचं स्वतःचं टेक-हाऊस गाणं केलं. आमचं म्हणायचं, पण त्यातलं बहुतेक माझंच. खर्जातली ओळ मी रचली, ठोके मी माऊसने एकेक करून बसवले. दोस्त शेजारी बसून काय कापायचं आणि काय ठेवायचं ते सांगायचा. त्याचं सांगणं अचूक असायचं, पण त्याने त्याचं समाधान होत नव्हतं. तो हाताने काम करणारा माणूस. त्याच्या मामाने मस्कतमध्ये गाद्यांच्या कारखान्यात त्याच्यासाठी जागा धरली होती, ईदनंतर जायचं ठरलं होतं. एकदा माझ्या खाटेवर बसून तो म्हणाला, "जायच्या आधी माहा हात एखाद्या रेकॉर्डवर आला पाहिजे. लोकायच्या मंधात वाजला पाहिजे. मंग कुठीबी गाद्या भरीन."

मी हो म्हणालो. त्याचा हात यात कुठे येणार, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि मी फारसा विचारही केला नव्हता. मला गाणं पाठवायची घाई झाली होती.

पाच-सहा कंपन्यांना पाठवलं. मग वाट पाहणं सुरू झालं, आणि वाट पाहणं हे माझ्यासारख्याचं काम नव्हे. शुक्रवार सोडून इतर दिवशीही मी अमरावतीला चकरा मारू लागलो. सायबरवाला मला पाहिलं की मान हलवून 'नाही' म्हणायचा, जणू माझी मेल तोच उघडून पाहत होता. शेवटी एका लहानशा कंपनीचं उत्तर आलं. गाणं आवडलं आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. पण तुम्ही चुकून मधलाच तुकडा पाठवला आहे, पूर्ण गाणं पाठवा.

माझं डोकं तापलं. पूर्णच तर पाठवलं होतं. मी दोस्ताला फोन लावून त्या कंपनीला बऱ्याच शिव्या घातल्या. तो दुसऱ्या दिवशी बस धरून आला आणि आम्ही दोघांनी मिळून त्यांना विचारलं की राहिलं काय. त्यांनी शांतपणे समजावून लिहिलं. क्लबातल्या डीजेसाठी काढलेली रेकॉर्ड सुरुवातीला मिनिट-दीड मिनिट नुसत्या ठोक्यावर चालते, शेवटीही तशीच नुसत्या ठोक्यावर संपते. त्या मोकळ्या जागेत डीजे एका गाण्याखाली दुसरं गाणं सरकवतो. ती जागाच नसेल तर गाण्यात शिरता येत नाही आणि बाहेरही पडता येत नाही.

एक रेकॉर्ड विकत घेतलेल्या कोणालाही हे ठाऊक असणार. आम्ही तर वर्षानुवर्षं फक्त मधले तुकडे ऐकले होते. हाऊस शिकलो ते नमुन्यांवर, आणि केला तोही नमुनाच. वरातीत गाणी अधेमधे तोडून जोडायची इतकी सवय झालेली की गाण्याला डोकं आणि शेपूट नाही हे आम्हाला खटकलंसुद्धा नाही. दोस्त पोट धरून हसला, हसता हसता सायबर कॅफेच्या पायरीवर बसला. मला हसू येत नव्हतं. मला त्या वेबसाइटचा राग आला, नसलेल्या कार्डाचा आला आणि सगळ्यात जास्त माझ्या कानांचा आला.

कंपनीची पुढची रेकॉर्ड छापायला जायला थोडेच दिवस होते, आणि दोस्ताचं तिकीटही येऊन पडलं होतं. मी घाईघाईने सॉफ्टवेअरमधलेच ठोके पुढेमागे जोडून पाहिले. ओल्या गादीवर काठी मारावी तसा आवाज येत होता. दोस्ताने ते थोडंच ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला.

"हे राहू दे," तो म्हणाला. "माह्या दुकानात चाल."

अकोल्याच्या त्या दुकानात वीज असली की पिंजायचं मशीन इतकं घरघरायचं की बोललेलं ऐकू येत नसे. म्हणून दुपारचं लोडशेडिंग सुरू होईपर्यंत आम्ही थांबलो. वीज गेली आणि सगळा बाजार एकदम गप्प झाला. कॉम्प्युटर चालणार नव्हता, म्हणून सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर आणला होता. दोस्ताने स्टुलावर चढून पिंजण खाली काढलं. कोपऱ्यात बसलेल्या त्याच्या चाचांनी गादी शिवता शिवता मान वर करून विचारलं की हे काय काढलं. दोस्ताने सांगितलं की मस्कतला जायच्या आधी एकदा हात लावून पाहतो. ते पुन्हा शिवायला लागले.

नुसती तात छेडली तेव्हा ती कण्हल्यासारखी वाजली. मग त्याने खाली सरकी काढलेला कापूस पसरला, तात त्यात बुडवली आणि लाकडी दांडक्याने ठोका दिला. टक्, धुंग, आणि मागोमाग कापूस फुटल्याची बारीक सळसळ. एका कानात मोबाइलचा इअरफोन घालून त्याने आमच्या गाण्याचा वेग पकडला आणि सुरू झाला. कापूस उडून त्याच्या भुवयांवर बसला, माझ्या ओठांवर बसला, टेपरेकॉर्डरवर बसला. माझी चप्पल वाजली तरी टेपवर येईल म्हणून मी जागचा हललो नाही. इतका वेळ एका जागी मी ना त्याआधी कधी बसलो, ना त्यानंतर. मला वाटत होतं वीज येऊच नये. त्या दुकानात, त्या उकाड्यात, मला माझ्या दोस्ताचा फार अभिमान वाटला, आणि तो जाणार याचं जे वाईट वाटायचं तेही तेव्हाच वाटून झालं.

गाणं आता त्याच्या हाताने सुरू होत होतं आणि त्याच्याच हाताने संपत होतं. मध्ये मी. निघायच्या आधी त्याने माझ्या घरी ते एकदा पूर्ण ऐकलं आणि परत एकदा लाव म्हणाला. कंपनीने गाणं घेतलं. तो गेला.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी आमची रेकॉर्ड त्या वेबसाइटवर आली. दोघांचीही नावं होती. मी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर नमुना लावला, आणि अर्थातच मधला तुकडा सुरू झाला. माझी ओळ, माझे ठोके, आणि ओळ संपायच्या आत बंद. नमुन्याला काय काय नसतं हे मला आता चांगलं माहीत होतं, तरी मी तो परत परत लावला, जणू कधीतरी त्यात कापूस ऐकू येईल.

मस्कतला शुक्रवारी सुट्टी. त्यानेही तिथल्या एका कॅफेत बसून ऐकलं होतं. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"लय भारी झालं तुहं," तो म्हणाला. मग म्हणाला, "माहा हात नाही त्यात."

मी समजावू लागलो की पूर्ण रेकॉर्डमध्ये तूच आधी आहेस आणि तूच शेवटी आहेस. तो म्हणाला, "ते इकत घेणाऱ्यासाठी हाय. मी तं नमुनेवालाच हाय ना." त्याच्या आवाजात चीड नव्हती, आणि तेच मला लागलं. पूर्ण गाणं आमच्या दोघांकडे होतंच, पण ते घरचं झालं. त्याला ते लोकांच्या मध्ये वाजायला हवं होतं. त्यानंतर फोनवर आम्ही हवापाण्याचं बोलायचो. रेकॉर्डचा विषय त्याने काढला नाही आणि माझी हिंमत झाली नाही.

पुढे मीही वलगाव सोडलं आणि पुण्यात साउंड भाड्याने देणाऱ्याकडे लागलो. डबे लावायचे, वायरी ओढायच्या, कार्यक्रम संपेपर्यंत लक्ष ठेवायचं. एका रविवारी दुपारी एका हॉटेलात पोहण्याच्या तलावाभोवती पार्टी होती. डीजे कोणी बाहेरगावचा पोरगा, माझ्या ओळखीचा नव्हता. मी डब्यामागे वायर गुंडाळत होतो तेव्हा चालू गाण्याखालून काहीतरी आलं. टक्, धुंग, आणि सळसळ.

मी उठून उभा राहिलो. चालू गाणं विरलं आणि नुसती तात उरली. त्या तलावाभोवती पिंजण कोणी पाहिलंही नसेल, पण पाय त्याच्यावर पडत होते. मी माझ्या ओळीची वाट पाहू लागलो. आता येईल, आता येईल. पोराने तात आणखी फिरवली, तीच पुन्हा पुन्हा, आणि मग तिच्याखालून तिसरंच कोणाचं गाणं वर काढलं. माझी ओळ आली नाही. क्षणभर मला खरंच वाटलं की जाऊन त्याला सांगावं, बाबा रे, गाणं राहिलं.

मग मी जनरेटरच्या मागे गेलो आणि मस्कतला फोन लावला. तो कामावर होता, मागे मशीन घरघरत होतं. मी ओरडून सांगितलं, "वाजलं. लोकायच्या मंधात वाजलं. तुहाच हात वाजवला त्यानं, माहं काईच नाही घेतलं."

त्याने विचारलं, "नाचले?"

"नाचून राहिले अजून."

त्याने तिकडे मशीन बंद केलं. एकदम शांत झालं, लोडशेडिंगमधल्या त्या दुपारसारखं.

"आता सांग," तो म्हणाला. "पयल्यापासून सांग."