हरकतीचे सात दिवस

नेटवर्कवरून जाणारं माहितीचं पॅकेट उघडून आत काय आहे ते सांगायचं, एवढंच आमच्या ओपन सोर्स लायब्ररीचं, म्हणजे आम्ही काही जणांनी मिळून लिहिलेल्या खुल्या कोडचं काम. तिचा एक भाग आमच्यातल्या अण्णांचा होता. तो जुन्या कारखान्यांतल्या यंत्रांची पॅकेटं वाचायचा. सरकारी कंपनीतून निवृत्त झाल्यावर बंगळूरमधल्या के. आर. पुरमच्या घरी बसून अण्णांनी सहा वर्षं तो एकहाती लिहिला होता. होसकोट्याच्या एका कारखान्यात तो अजून चालतो, हे ते भेटेल त्याला सांगत. मला त्याचा वीट आला होता. पुढच्या आवृत्तीचा आराखडा माझ्याकडे होता, मला सगळं वेगवान करायचं होतं आणि दर वेळी त्यांचाच भाग आडवा यायचा. खरं सांगायचं तर त्यांचं होणारं कौतुकही मला सहन होत नव्हतं.

आमच्यात एक रीत होती, त्यांनीच घालून दिलेली. प्रस्ताव चर्चेच्या पानावर टाकायचा. सात दिवसांत कोणी हरकत घेतली नाही तर तो मंजूर. त्यांचा भाग काढून टाकावा, असं मी इंदिरानगरच्या बैठकीत दोनदा तोंडी मांडलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांनी मला चारचौघांत गप्प केलं होतं. तिसऱ्यांदा मी बैठकीची वाट पाहिली नाही. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी आठवडाभर स्क्रीनकडे बघायचं नाही म्हणून बजावलं, त्याच दुपारी मी प्रस्ताव टाकला. दोघांनी न वाचताच होकार दिला. बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "पानावर काय चाललंय? स्वल्प वाचून दाखव की रे."

मी वाचून दाखवलं. सावकाश, तारीखवार. कुणाची तक्रार, कुणाचा प्रश्न, सगळं. फक्त एक नोंद गाळली.

"आणि काही नाही ना?"

"नाही, अण्णा. तुम्ही आराम करा."

पाचव्या दिवशी पुन्हा तेच. माझा आवाज कापेल असं मला वाटलं होतं. कापला नाही.

नवव्या दिवशी त्यांनी स्वतः पान उघडलं आणि लगेच फोन केला. "तू वाचलास त्यात हे नव्हतं की."

"सात दिवस होऊन गेले, अण्णा. नियम तुमचाच आहे."

ते म्हणाले, "सरी, ठीक आहे. मीच काढतो. दुसरा कोणी काढला तर अर्धवट ठेवेल."

संध्याकाळी त्यांनी बदल पाठवला. सहा वर्षांची प्रत्येक ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली होती. तपासणीला तो माझ्याकडेच आला. मी बारकाईने पाहिलं. चाचणीची एक फाईल राहून गेली होती. ती मलाही काढता आली असती. मी बदल त्यांच्याकडे परत पाठवला. दहा मिनिटांत त्यांनी तीही काढली आणि खाली माझे आभार मानले.